तेल आहे, निघेल किती?

आल्बर्ट सरोवराच्या काठी जमिनीतून तेल पाझरते, याच्या नोंदी भूगर्भशास्त्रज्ञ ई. जे. वेलँड यांनी १९२० च्या दशकातच करून ठेवल्या होत्या. युगांडातील या भागात पहिली विहीर १९३८ मध्ये खोदली गेली. व्यापारी प्रमाणात तेल असल्याची खात्री पटायला मात्र २००६ साल उजाडले. महायुद्ध आणि पुढची राजकीय अस्थिरता ही विलंबाची कारणे होतीच. पण खचदरीतील गाळखोरे हे मुळातच परीक्षा पाहणारे प्रकरण.

जमीन दोन बाजूंनी ताणली गेली की मधला पट्टा खचतो आणि तिथे सरोवर साचते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या तळच्या चिखलात शेवाळ गाडले जाते. त्यावर हजारो मीटर गाळ चढला की खालच्या उष्णतेने त्याचे तेल बनते. दरीच्या कडांवरून वाहून आलेल्या वाळूत ते साठते, आणि भेगांलगत सरकलेले थर त्याला अडवून धरतात. गोम अशी की याच भेगा तेलाला पळवाटही देतात. म्हणजे पृष्ठभागावरचा पाझर ही अर्धीच शुभवार्ता. तेल तयार झाले होते एवढेच त्यातून कळते; आत उरले किती, हे भूकंपलहरींचे सर्वेक्षण आणि प्रत्यक्ष विहीर यांनाच विचारावे लागते. विहीरही निराश करू शकते. याच खोऱ्यात तुराको येथे वायू लागला, पण तो कार्बन डायऑक्साइडने भरलेला.

युगांडाचा साठा साडेसहा अब्ज पिंपांचा म्हणून गाजला. त्यातले बाहेर काढता येण्याजोगे तेल सुमारे १.४ अब्ज पिंपे, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेले खडकाच्या छिद्रांतच राहणार. शिवाय हे तेल मेणचट. राजस्थानातील बाडमेरच्या तेलासारखेच तेही थंड झाले की गोठते. त्यामुळे टांझानियातील टांगा बंदरापर्यंतची १,४४३ किलोमीटरची वाहिनी सतत गरम ठेवावी लागणार. तो खर्च साडेसहा अब्जांच्या आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडेही हीच सवय आहे. भारतातील २६ गाळखोऱ्यांत मिळून सुमारे ४२ अब्ज टन तेलतुल्य साठा असल्याचा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. तोही भूगर्भातला, हाती येणारा नव्हे. यातील कित्येक खोऱ्यांत अजून पुरेशा विहिरीही नाहीत. मोठा आकडा जाहीर करणाऱ्याने त्याच वाक्यात छोटा आकडाही सांगावा, ही अपेक्षा फार नाही.

कारण मोठ्या आकड्यावर निर्णय होतात. तेलाच्या भरवशावर युगांडाने कर्ज काढून होइमाजवळ विमानतळ बांधायला घेतला. मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात विहिरी खोदल्या गेल्या, तेलक्षेत्र आणि वाहिनीसाठी हजारो कुटुंबांच्या जमिनी गेल्या. पहिले तेल २०२५ मध्ये निर्यात होईल, असे २०२२ मध्ये ठरले होते. ते वर्ष एकही पिंप बाहेर न जाता सरले.