चिकूच्या वाडीतील गवत आणि लहान ट्रॅक्टरवरील फ्लेल मोव्हर

नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरू लागला की पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीत गवताचे राज्य सुरू होते. चिंचणी, डहाणू, घोलवड या बाजूच्या चिकूच्या वाड्यांत ते कमरेइतके माजलेले असते. आणि रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, मनोर-विक्रमगडकडील वरकस माळांवर ते पिवळे पडू लागलेले असते. दोन्ही ठिकाणी दिसावयास गवतच. परंतु शेतीच्या हिशेबात माळावरील गवत हे पीक आहे आणि वाडीतील गवत हे पीक नव्हे. हा भेद ध्यानात न घेता गवत कापण्याचे यंत्र विकत घेणारा शेतकरी आपले पैसे आणि आपले गवत, दोन्ही वाया घालवितो.

गेल्या काही वर्षांत या भागात लहान ट्रॅक्टर बरेच आले आहेत. सुमारे १५ ते २७ अश्वशक्तीचा, रुंदीला कमी आणि वजनाला हलका असा हा ट्रॅक्टर प्रथम भाताच्या चिखलणीसाठी घेतला जातो व त्यामागे रोटाव्हेटर ओघानेच येतो. चिखलणी आटोपल्यावर ट्रॅक्टर दारी उभा राहतो. मग दसऱ्याच्या सुमारास वाडीतील गवत मोडण्यासाठी तोच रोटाव्हेटर चिकूच्या दोन ओळींमध्ये फिरविला जातो. काम झटपट होते, जमीन काळीभोर दिसते आणि मालकाला समाधान वाटते. वास्तविक या समाधानाची किंमत झाड देत असते. चिकूची अन्न शोषून घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटरची पाती त्यांचे तुकडे करतात, आणि तेही अशा वेळी की जेव्हा पाऊस संपून झाडाला पुढील आठ महिने जमिनीतील ओलाव्यावर व विहिरीच्या पाण्यावर निभवावयाचे असते. शिवाय वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात उघडी, भुसभुशीत केलेली माती पुढच्या जूनमध्ये ओहोळाच्या वाटेने खाडीकडे जाते. गवताचे मूळ जमिनीत राहू द्यावे आणि माथा तेवढा उतरवावा, हे अशा वाडीचे खरे शास्त्र होय.

दुसरा प्रचलित उपाय तणनाशकाचा. त्याने गवत जळते, पण जमिनीवर पडणारे आच्छादन फारसे मिळत नाही, आणि पावसाच्या धारेपुढे माती तशीच उघडी राहते. तिसरा उपाय विळ्याचा किंवा पाठीवर घेऊन चालविण्याच्या ब्रश कटरचा. हा उपाय उत्तम, परंतु माणूस मिळेल तर. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बारमाही काम मिळू शकणारा तरुण आठ-दहा दिवसांच्या गवतकापणीसाठी वाडीवर येत नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षा धरणेही न्यायाचे नाही. गवत वाढते त्याच सुमारास भातकापणीही येऊन ठेपते. जे हात गावात उरलेले असतात ते भाताकडे जातात. चिकूची वाडी मागे पडते ती अशी.

येथे फ्लेल मोव्हर उपयोगी पडतो. बाजारात याच जातीच्या यंत्रांना 'मल्चर' किंवा 'श्रेडर' असेही म्हणतात. इंग्रजीतील 'फ्लेल' म्हणजे धान्य झोडपण्याची दोन तुकड्यांची काठी, आणि यंत्राचे काम त्या नावास साजेसेच आहे. एका आडव्या लोखंडी दांड्यावर अनेक लहान पाती सैल लोंबकळत ठेवलेली असतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून गिअरपेटीत व तेथून बाजूच्या पट्ट्यावरून शक्ती येते, दांडा वेगाने फिरतो, पाती बाहेरच्या बाजूस ताठ होतात आणि गवताला झोडपून त्याचे तुकडे करतात. ते तुकडे आच्छादन म्हणून जागच्या जागी पडतात. पाते दगडावर आदळले तर ते मागे मुडपते, म्हणून पाते तुटण्याचे व दगड उडण्याचे भय आडव्या चक्रासारख्या फिरणाऱ्या स्लॅशरपेक्षा कमी असते. कमी असते, नाहीसे होत नाही. यंत्र चालू असताना मागे-पुढे माणूस किंवा गुरू नसावे.

परंतु गवताचे तुकडे होतात, ही जी या यंत्राची खूण तीच त्याची मर्यादाही आहे. माळावरचे पवन्यासारखे गवत कापून, वाळवून, भारे बांधून विकावयाचे असते. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरविण्याचा या भागाचा धंदा जुना आहे. फ्लेल मोव्हरने कापलेल्या गवताचा भारा बांधता येत नाही, ते गोळा करू म्हटले तर त्याबरोबर माती येते, आणि मातीचे गवत जनावर खात नाही. ज्याला गवत विकावयाचे आहे त्याने दातेरी पट्टीचे कापणी यंत्र पाहावे किंवा विळाच चालू ठेवावा. 'गवत कापण्याचे यंत्र' या एका नावाखाली विक्रेता दोन्ही दाखवितो. घेणाऱ्याने आधी विचारावयाचे ते हे की, कापल्यानंतर गवताचे काय होते.

विळा चालू ठेवावा असे म्हणताना या भूमीचा इतिहासही डोळ्यांआड करता येत नाही. १९४५ साली डहाणू व उंबरगाव भागातील वारली मजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यातील एक मुख्य मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला व त्यात माणसे मेली. ज्या गवताच्या दरासाठी इतके घडले, त्या गवताच्या माळावर आजही अनेक कुटुंबांना दिवाळीपूर्वीचे रोख पैसे मिळतात. जेथे हात येतात आणि गवत विकले जाते, तेथे यंत्राने त्या हातांस दूर सारणे यात शेतकऱ्याचाही लाभ नाही, कारण गवताची प्रत विळ्याने जशी राहते तशी झोडपण्याने राहत नाही. जेथे हात येतच नाहीत अशा वाडीपुरते हे यंत्र योग्य. यंत्राच्या प्रचाराच्या भरात ही सीमा पुसली जाऊ नये.

आता निवडीविषयी. पहिला प्रश्न रुंदीचा. यंत्राची कापणीची रुंदी ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरील रुंदीइतकी तरी असावी, अन्यथा चाकाखाली दबलेल्या गवताची पट्टी न कापलेलीच राहते. लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गरज १०० ते १२० सेंटिमीटरच्या यंत्राने बहुधा भागते. यापेक्षा रुंद यंत्र घेण्याचा मोह होतो. काम लवकर उरकेल असे वाटते. तथापि १२० सेंटिमीटरच्या हलक्या यंत्रालाही पीटीओवर सुमारे १८ ते २० अश्वशक्ती हवी असे धरून चालावे, आणि इंजिनवर लिहिलेली अश्वशक्ती व पीटीओवर मिळणारी अश्वशक्ती एक नव्हे. चोवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे यंत्र पेलते. अठराच्या ट्रॅक्टरला ते ओल्या दाट गवतात अडखळावयास लावते. त्याने ९० ते १०० सेंटिमीटरवर समाधान मानावे.

दुसरा प्रश्न वजनाचा. यंत्र मागे उचलले की लहान ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होतात. बांधावरून वाडीत उतरताना सुकाणूचा ताबा सुटणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याला सांगावयास नको. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिफ्टची उचलशक्ती दिलेली असते ती पाहावी, आणि पुढे वजने लावण्याची सोय असल्यास ती वजनेही यंत्राबरोबरच घ्यावीत.

तिसरी गोष्ट चिकूपुरती विशेष आहे. जुन्या चिकूच्या फांद्या जमिनीस टेकावयास येतात. ओळींत दहा मीटरचे अंतर असले तरी ट्रॅक्टर जाण्याजोगी मोकळी वाट त्याच्या निम्मीही उरत नाही, आणि गवत तर फांद्यांच्या कडेलाच अधिक राहते. यासाठी यंत्र एका बाजूस सरकविता येण्याची सोय असलेले घ्यावे. ट्रॅक्टर वाटेच्या मध्याकडे राहतो आणि यंत्र फांदीच्या छायेखाली जाते. ही सोय नसलेले यंत्र स्वस्त मिळते व मोकळ्या शेतास पुरते. वाडीत मात्र ते अर्धे काम करून थांबते आणि उरलेले अर्धे पुन्हा विळ्याकडे येते. केळवे-माहीमकडील पानवेलीच्या व नारळाच्या अरुंद वाड्यांत तर लहान ट्रॅक्टरही वळत नाही. तेथे या यंत्राचा विचारच करू नये, ब्रश कटर पुरे.

पात्यांचे दोन प्रकार येतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची हलकी पाती गवतास चांगली; हातोड्याच्या आकाराची जड पाती झुडुपांसाठी व छाटणीच्या फांद्यांसाठी. ज्या वाडीत नियमित कापणी होते तिला वायची पाती पुरतात. अनेक वर्षे पडीक राहून घाणेरी माजलेल्या वाडीत पहिल्या वर्षी कोयता चालवावा. हलके यंत्र नवे कोरे असताना अशा जागी घालून मोडल्यावर विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हे सर्व पाहून झाले की हिशेबाकडे वळावे, आणि येथेच पुष्कळांची चूक होते. १२० सेंटिमीटरचे यंत्र ताशी तीन किलोमीटर वेगाने चालले, तर वळणे, अडचणी व पट्ट्यांची सरमिसळ धरून तासाला सुमारे अडीच हजार चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकरापेक्षा थोडे अधिक काम होते. चार एकरांच्या वाडीला एका कापणीस साडेसहा तास लागले. वर्षात दोन कापण्या धरल्या तर तेरा तास. तेरा तासांच्या कामासाठी यंत्र वर्षभर छपराखाली ठेवणे ही चैन आहे, आणि अनुदान मिळते म्हणून ती चैन शहाणपणाची होत नाही. हेच यंत्र दहा वाड्यांनी मिळून घेतले तर एका कापणीचे पासष्ट तास भरतात, म्हणजे सुमारे आठ दिवसांचे काम. वेळापत्रकात ते सहज बसते, एक चालक त्या कामात तरबेज होतो आणि मोडतोडीचा खर्च वाटला जातो. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू झाले, त्यात अवजार बँकेची कल्पना आहे ती याच प्रकारची. गावातील तरुणांच्या गटाने यंत्र घेऊन तासावर चालवावे हे अधिक इष्ट. गवतकापणीची मजुरी ज्या घरांतून गेली त्याच घरांत यंत्राचे भाडे जाईल.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावयाची असते. आधी यंत्र आणून मागाहून कागद फिरविणाऱ्यांची निराशा होते. यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेकडील तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. किती अश्वशक्ती लागते, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्या कागदावर वाचणे बरे.

वापराचे तंत्र अवघड नाही, पण घाईचे नाही. पहिली कापणी भाद्रपदातील उघडिपीत, जमीन चाकाखाली दबणार नाही इतकी घट्ट झाल्यावर करावी; दुसरी गवताचे बी गळण्यापूर्वी. दव उतरल्याखेरीज यंत्र लावू नये. ओले गवत आवरणाच्या आत चिकटून बसते. चालकाने आधी पायी फिरून दगड, कुंपणाची तार, प्लॅस्टिकची दोरी आणि ठिबकच्या नळ्या बाजूला कराव्यात. तार एकदा दांड्यास गुंडाळली की अर्धा दिवस गेला. पावसाळ्यात कुजून गळालेली चिकूची फळे याच फेरीत वेचून नष्ट करावीत. रोगट फळ झोडपून वाडीभर उडविणे म्हणजे रोग स्वतः पेरणे होय. मागील रोलर असा लावावा की कापणी जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहील. माती उडू लागली तर यंत्र फार खाली आहे असे समजावे. पीटीओचा वेग ठरलेल्या ५४० फेऱ्यांवर स्थिर ठेवावा, आणि गवत दाट लागले तर गिअर उतरवावा, इंजिनचा वेग कमी करू नये. उतारावर चढ-उताराच्या दिशेने चालावे, आडवे चालू नये.

यंत्रात अडकलेले काही काढावयाचे असेल तेव्हा पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि दांडा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणे, हा क्रम कधीही चुकवू नये. दांडा जड असल्याने शक्ती तोडल्यानंतरही तो काही वेळ फिरत राहतो. पीटीओच्या शाफ्टवरील संरक्षक नळी अडचणीची वाटते म्हणून काढून टाकणारे चालक आढळतात. त्या शाफ्टवर धोतराचा सोगा, लुंगी किंवा उपरणे गुंतले तर हात पुढे करण्यासही अवधी मिळत नाही. नळी नसलेले यंत्र भाड्याने आले तर ते परत पाठवावे.

एखादे पाते तुटले तर त्याच्या समोरचेही बदलावे, आणि दोन्ही सारख्या वजनाची असावीत. एकच बदलले तर दांड्याचा तोल जातो, यंत्र थरथरू लागते आणि महिनाभरात बेअरिंग जाते. पात्याची बचत बेअरिंगमध्ये भरावी लागते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पात्यांच्या पिना लवकर गंजतात. हंगाम संपला की आवरणाच्या आत चिकटलेले गवत खरवडून काढावे, यंत्र धुऊन उन्हात वाळवावे, पिनांना व बेअरिंगला ग्रीस द्यावे, बाजूचा पट्टा सैल करून ठेवावा आणि यंत्र जमिनीवर न टेकविता लाकडाच्या ओंडक्यांवर छपराखाली ठेवावे.