बारवाल्याचा व्यवसाय आणि मोहफूलवालीचे घर

२७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठवली. ही तारीख लक्षात ठेवा. कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती. एप्रिलपासून 'ब्रेक द चेन'चे निर्बंध सुरू होते. किराण्याला सकाळी सात ते अकराची मुभा होती, पानठेला बंद होता, आठवडी बाजार बंद होता. मोहफुले वेचून चार पैसे करणारी बाई ती कुठे विकणार, असा प्रश्न एकाही मंत्र्याला पडला नाही. बारचे परवाने मात्र मंत्रिमंडळाच्या टेबलावर पोहोचले.

यासाठी सर्वात पुढे होते विजय वडेट्टीवार. ब्रह्मपुरीचे आमदार, चंद्रपूरचे पालकमंत्री आणि राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री. म्हणजे आपत्तीचे खाते ज्यांच्याकडे, बंदी उठवण्याचा आग्रहही त्यांचाच. पुढच्याच आठवड्यात, ३ जूनला, त्यांनी १८ जिल्हे अनलॉक झाल्याचे जाहीर केले आणि असा निर्णय झालाच नसल्याचा खुलासा त्यांच्याच सरकारला करावा लागला. व्यवसाय उघडण्याची ही घाई नेमकी कोणाच्या व्यवसायासाठी होती, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

त्यांची बाजू आधी नीट मांडू. १ एप्रिल २०१५ ला लागू झालेली बंदी कागदावरच राहिली, अवैध आणि बनावट दारू वाढली, बाया-पोरे तस्करीत ओढली गेली, सरकारचा महसूल बुडाला, परवानाधारकांचे धंदे बसले. निवृत्त प्रधान सचिव रमानाथ झा यांच्या समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि त्यावर निर्णय झाला. शिवाय कोणी काय प्यावे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे बंदीचे विरोधक सांगत होतेच.

यातले बरेचसे खरे आहे. बंदीच्या सहा वर्षांत दारू कुठे मिळत नव्हती असे चंद्रपूरचा माणूस छातीठोकपणे सांगणार नाही. आणि आम्ही बंदीचे भक्तही नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदीला विरोध केला होता. बंदीपायी बुडणारा पैसा जनतेच्या उन्नतीसाठी वापरावा, हा त्यामागचा हिशेब होता. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही दिली. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतःहून घेतो, ती पोलिसाच्या काठीने घेतली जात नाही. आणि राज्याने पैसा कुठे खर्च करायचा हा वेगळा प्रश्न आहे. वडेट्टीवारांनी महसुलाचा पहिला अर्धा हिशेब घेतला, उरलेला अर्धा सोडून दिला. चंद्रपूरच्या दारूतून येणारा महसूल वसतिगृहांना, शिष्यवृत्तीला, व्यसनमुक्तीला किती देणार, हे बंदी उठवताना कोणी लिहून दिले?

आता खासगीपणाचे बोलू. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. छान झाले. पण दारूबंदी कायद्याची झडती कोणाच्या घराची होते? '६५ ई' हे कलम आमच्या टोल्या-वस्त्यांतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पोलीस झोपडीत शिरतात, चुलीमागचे मडके फोडतात, बाईला ठाण्यात नेतात. मोहफूल हे आदिवासीचे अन्न, औषध आणि पूजेची वस्तू. त्याच्यावरची बंधने सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. या घरांच्या खासगीपणासाठी कोणत्या आमदाराने समिती मागितली?

कोरोनातही तेच झाले. मार्च २०२० मध्ये हातावर 'होम क्वारंटाइन'चे शिक्के मारले गेले. शिक्का विमानाने आलेल्यालाही लागला हे खरे. पण त्याला घरात वेगळी खोली होती. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर जंगलवाटांनी चालत आले, तेव्हा त्यांना गावाच्या वेशीवर अडवले गेले, त्यांची नावे व्हॉट्सॲपवर फिरली. अंगावरची खूण आणि वेशीबाहेरचा मुक्काम म्हणजे काय, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको. १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशाने 'आरोग्य सेतू' ॲप कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले. माणूस कुठे जातो, कोणाजवळ बसतो याची नोंद सरकारच्या हाती देणारे हे ॲप. ती सक्ती पुढे सैल करावी लागली, पण तोवर खासगीपणाची आठवण कोणत्या परवानाधारकाला झाली होती?

नियम आम्ही पाळले. १४ एप्रिल आम्ही दोन वर्षे घरात साजरी केली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केले. जीव वाचवायचे नियम आम्हाला कळतात. पण नियम गरिबाला आणि स्वातंत्र्य धनिकाला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. दुकाने उघडली तेव्हा चंद्रपुरात एका बारमालकाने पालकमंत्र्यांच्या फोटोची आरती केली. व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेबांनी देशाला दिलेला इशारा आठवा, म्हणजे त्या आरतीचा अर्थ कळेल.

दुसरी बाजूही सोडणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या होत्या. त्यांच्या पायांचे फोड पाहून बंदी आली आणि श्रेय पुढाऱ्यांनी वाटून घेतले. बंदी राबवायची वेळ आली तेव्हा हप्तेबाजीला मोकळे रान मिळाले. मग बंदी फसली म्हणून उठवली, तेव्हा त्या बायांना किती विचारले? ज्यांनी मागितले त्या कोपऱ्यात, ज्यांनी फसवले ते समितीपुढे, ज्यांचा फायदा ते मंत्रालयात. पुढे गडचिरोलीच्या १९९३ पासूनच्या बंदीचीही समीक्षा करण्याची भाषा याच मंत्र्यांनी केली. तिथल्या गावागावांनी विरोध केला हे बरे झाले.

खरे तर उत्तर कायद्यात आहेच. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा किंवा त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती देतो. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग या क्षेत्रात येतो. इतर ठिकाणी उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान आहे. म्हणजे निर्णय ना पालकमंत्र्याचा, ना बारमालकाचा, ना बाहेरून आलेल्या समाजसुधारकाचा. तो गावाचा आणि त्यातही बायांचा.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बंदी हवी की नको या भांडणात कोणाच्याही पालखीचे भोई होऊ नका. ग्रामसभा बोलवा, ठराव लिहून घ्या, त्याची पोच घ्या. '६५ ई'खाली अडकलेल्या गरीब बायांच्या खटल्यांची यादी करा आणि ते मागे घेण्याची मागणी लावून धरा. दारूच्या महसुलातून जिल्ह्याच्या वसतिगृहांना किती मिळाले, हे माहिती अधिकारात विचारा. आणि स्वतः प्रतिज्ञा पाळा, कारण ज्याच्या तोंडाला वास येतो त्याच्या ठरावाला गावात किंमत नसते.

जयभीम.