किल्ली कुणाच्या खिशात?

दिवाळीच्या तोंडावर घरोघर माळे उपसले जातात. पितळी डब्यांच्या मागे एखादे पन्नास वर्षांपूर्वीचे पत्र सापडते आणि हातातला झाडू तसाच राहतो. शाई फिकी झाली असली तरी अक्षर बोलते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर केलेले लेखन सापडले तर? ते उघडेल का हा एक प्रश्न, आणि उघडले तर वाचता येईल का हा दुसरा.

हा दुसरा प्रश्न माझ्यापुढे आला तो आगरी बोलीमुळे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे नव्या मुंबईचे शहर उभे राहिले. पण करावे, दारावे, शिरवणे, घणसोली ही गावे त्याच्या कितीतरी आधीची. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी या गावांतले शब्द गोळा करायला घेतले. खाजण, मिठागर, भरतीचे पाणी अडवून पावसाचे पाणी बाहेर सोडणारी बांधातली उघाडी, लग्नात धवले गाणारी धवलारीण. मिठागरे बुजली, शेतांवर इमारती आल्या. वस्तू गेली की तिच्या शब्दाला फार तर एका पिढीचे आयुष्य उरते.

एका विद्यार्थिनीचे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी निवृत्तीनंतर असे शेकडो शब्द स्वतः संगणकावर उतरवले होते. आजोबा आज नाहीत. नातीने मोठ्या उत्साहाने ती फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे आणि कंस यांची नुसती खिचडी! तिच्या डोळ्यांत पाणी आले.

यात आजोबांचे काही चुकले नव्हते. त्या काळच्या पुष्कळशा मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी ते लेखन रोमनच. मराठी होता तो केवळ मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडने मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. पण ती पद्धत घराघरांतल्या संगणकांत रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. आजोबांची फाइल आम्ही रूपांतर करून घेतली. जोडाक्षरे तरी बिघडलीच. मग नात एकेक शब्द मोठ्याने वाची आणि आजी कानाने ऐकून तो दुरुस्त करून देत. आजी होत्या म्हणून निभावले!

मराठीला असा प्रसंग नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहिले हे खरे. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते शतकानुशतके बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा ते दार उघडले. महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून घातले होते. आपण ते नकळत घालतो, एवढाच फरक.

म्हणून कोशाचे काम साध्या मजकुराच्या फाइलींत करायचे ठरले. मथळा, यादी, ठळक शब्द यांसाठी मजकुरातच साध्या खुणा करायच्या. अशा खुणांची मार्कडाउन नावाची पद्धत जॉन ग्रूबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. हस्तलिखितात मुद्रकासाठी खुणा करतात ना, तशीच ही. खुणा कळल्या नाहीत तरी मजकूर वाचता येतो, हे तिचे मोठेपण.

आता लिहिण्यासाठी संपादक कोणता घ्यावा? (संपादक म्हणजे मजकूर लिहिण्याची आज्ञावली, साप्ताहिकाच्या संपादकांनी दचकू नये.) जाहिरात वाचू नका, परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा कळफलकाची. इनस्क्रिप्टवर मराठी लिहिताना तारका उमटवायला जावे तर ‘श्र’ उमटतो! ठळक शब्दासाठी तारका हवी, म्हणजे दर वेळी इंग्रजी कळफलकावर जाणे आले. आडवी रेघ मात्र जागच्या जागी मिळते. यादी तिने होते, आणि ओळीखाली रेघा ओढल्या की मथळाही होतो. तेव्हा ठळक शब्दांची हौस आम्ही आवरती घेतली.

दुसरी परीक्षा जोडाक्षरांची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काही संपादक टंकयंत्राप्रमाणे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देतात. त्यांत ‘लक्ष्मी’ अवघडून बसते. तिसरी परीक्षा शोधाची. ‘आगऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण एक प्रकार शोधावा तर दुसरा बहुधा सापडत नाही. कोणता वापरायचा, हे सर्वांनी आधीच ठरवावे.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. फाइल दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच संपादकात उघडून पाहा. अ‍ॅटम नावाचा एक लोकप्रिय संपादक १५ डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या निर्मात्यांनी बंद केला. त्यात लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइली इतरत्र उघडतातच.

“मॅडम, मग वर्ड वाईट का?” एकाने विचारले. मुळीच नाही. अर्ज लिहायला, पाने सजवायला ते उत्तम. पण दहा हातांनी भरायचा कोश एकाच आज्ञावलीवर अवलंबून कशाला ठेवायचा? शिवाय साध्या मजकुरातून पुढे छपाईची प्रत काढता येते. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ साली पॅनडॉक हे साधन याच कामासाठी दिले आहे, आणि तेही फुकट.

आम्ही शेवटी कोणता संपादक घेतला? एकही नाही, आणि तीनही! एकजण नोटपॅडवर लिहितो, एकजण व्हीएस कोडवर, आणि ती विद्यार्थिनी बेलापूरच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या फोनवर. फाइल तिघांची एकच. परवा तिने त्यात ‘उघाडी’ हा शब्द घातला आणि अर्थापुढे आजोबांचे नाव लिहिले.