फिलिदोरचा बचाव : एका उपेक्षित डावाची कैफियत

मधल्या सुटींत शाळेच्या व्हरांड्यांत बुद्धिबळाचा पट मांडला जातो, तेव्हां बाजूस उभे राहून खेळ पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. तेथें एक गोष्ट वारंवार आढळते. काळ्या मोहऱ्यांनीं खेळणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या खेळीस वजिरापुढील प्यादें एकच घर सरकविलें, कीं "हा भित्र्याचा डाव!" म्हणून भोंवतालची मंडळी हंसतात. या खेळीस फिलिदोरचा बचाव म्हणतात. ती हंसण्याजोगी नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम तिचें स्वरूप पाहूं. पांढरा राजापुढील प्यादें दोन घरें पुढें टाकितो. काळाही तसेंच करितो. मग पांढऱ्याचा राजाकडील घोडा बाहेर येऊन त्या काळ्या प्याद्यावर नेम धरितो. अशा वेळीं बहुतेक खेळाडू वजिराकडील घोडा काढून प्यादें राखितात. फिलिदोरच्या पद्धतींत हें काम वजिरापुढील प्याद्यावर सोंपविलें जातें. प्याद्यानें प्यादें राखिलें म्हणजे घोडा दुसऱ्या कामास मोकळा राहतो.

फिलिदोर (१७२६–१७९५) हा फ्रेंच संगीतकार होता. प्यादीं हींच या खेळाचा प्राण होत, हें मत त्यानें १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. त्याच्या नांवाच्या बचावांत हीच दृष्टि दिसते.

मग या बचावाची अपकीर्ति कां झाली? १८५८ सालीं पॅरिस येथील संगीत-नाट्यगृहांत अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यानें ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर या जोडीवर अवघ्या १७ खेळींत मात केली. काळ्यांनीं हाच बचाव योजिला होता. तो डाव इतका सुंदर आहे कीं पुस्तकांपुस्तकांतून तो छापिला जातो, आणि वाचणारा बचावासच दोषी ठरवून मोकळा होतो. परंतु तो डाव पुन्हा पटावर मांडून पाहावा. चूक दुसऱ्या खेळींत नसून तिसऱ्या खेळींत आहे. काळ्यांनीं उंट घाईनें पुढें काढिला, आणि लागलीच तो घोड्याच्या बदल्यांत द्यावा लागला. मात झाली तेव्हां त्यांचा राजाकडील उंट व हत्ती हे मूळ घरांतून हललेलेही नव्हते. शिबंदी झोंपली असतां किल्ला पडला, तर दोष तटाला द्यावा काय?

तिसऱ्या खेळीस राजाकडील घोडा काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर दाब आणावा. मग दुसरा घोडा वजिरापुढें व उंट राजापुढें ठेवून किल्लेकोट करावा, आणि वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर चालवावें. या मांडणीस अमेरिकन मेजर हॅनम याचें नांव आहे. निम्झोविचसारख्या विचारवंत खेळाडूनेंही ती योजिली होती.

या बचावांत उणें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. राजाकडील उंटाची वाट आपल्याच प्याद्यानें अडते, आणि काळ्यास जागा थोडी मिळते. आजचीं गणकयंत्रेंही पांढऱ्याचेंच पारडें किंचित जड दाखवितात. ज्यास वीस खेळींत विजय हवा, त्यानें या वाटेस जाऊं नये. परंतु जागा थोडी असणें आणि डाव हरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. खडकावर बांधलेलें घर लहान असलें तरी वादळांत टिकतें. बॉअर या फ्रेंच ग्रँडमास्टरानें २००६ सालीं या बचावावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे.

पालकांसही येथें एक विनंति आहे. एका गाजलेल्या पराभवावरून डाव टाकाऊ ठरविणें आणि एका परीक्षेच्या गुणांवरून मुलास मंद ठरविणें, या चुका एकाच जातीच्या होत. आम्ही शिक्षकही त्यांतून सर्वस्वीं सुटलेलों नाहीं. संथपणें मांडणी करणाऱ्यास वेळ द्यावा लागतो. तो न देतां निकाल सांगणें न्यायाचें नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, हा बचाव दहा वेळां खेळून पाहा. प्रत्येक खेळी वहींत लिहून ठेवा. हरलांत तर कोणत्या खेळीस हरलों, हें शोधा. मग त्यास भित्र्याचा डाव म्हणावयाचें कीं नाहीं, तें तुम्हींच ठरवा.