फुकटचे ज्ञान आणि दारावरचा पहारेकरी

‘फुकट’ हा शब्द आपल्याला जितका आवडतो, तितकाच तो आपल्याला सावधही करतो. एका साबणावर दुसरा फुकट म्हटले की आपण आधी पहिल्याची किंमत उलटून बघतो. मग मोबाइलवर ज्ञान फुकट मिळतेय म्हटल्यावर तीच नजर का लावू नये?

हा विषय आपल्या राज्यात घडून गेला आहे, पण आता बहुतेक जणी विसरल्या असतील. 10 फेब्रुवारी 2015 रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने एक योजना भारतात आणली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. डेटा पॅक नसला तरी ठरावीक तीसेक संकेतस्थळे फुकट उघडायची, बाकी इंटरनेटला पैसे. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. तेव्हा एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडत होते. साध्या घराला ही मोठी सोय वाटावी यात नवल नाही.

मूळ गरजही खरीच होती. 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या सिनेनजोंगो शाळेतल्या मुलांनी मोबाइल कंपन्यांना खुले पत्र लिहिले होते. आमच्या शाळेत ग्रंथालय नाही, पण हातात फोन आहेत, तेव्हा विकिपीडिया तरी फुकट द्या, असे त्यांचे मागणे होते. भारतातही 2013 मध्ये एअरसेलच्या ग्राहकांसाठी विकिपीडिया फुकट करण्याची घोषणा झाली. विकिपीडिया जाहिराती घेत नाही, काही विकत नाही. तिथे हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

फ्री बेसिक्सचे तसे नव्हते. डिसेंबर 2015 मध्ये वर्तमानपत्रांत तिच्या पानभर जाहिराती आल्या. फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांनी लेख लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचे उदाहरण होते. तो फुकट सेवेवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो आणि त्याला फायदा होतो, असे.

वाचायला छान आहे. पण आपण नाशिककर हे उदाहरण आपल्या जिल्ह्यात आणून बघू. निफाडच्या शेतकऱ्याला लासलगावचा कांद्याचा भाव हवा आहे. भाव सांगणारी चार ठिकाणे आहेत. त्यातले फुकटात कोणते उघडेल, हे तो शेतकरी ठरवणार नव्हता. कंपनीच्या तांत्रिक अटी होत्या, त्यात व्हिडिओला मनाई होती. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने मराठीत बोलून टाकलेला चाळीतल्या कांद्याचा व्हिडिओ याला दिसला नसता. ज्याला वाचता येत नाही, त्याला तर बोललेलेच ज्ञान उपयोगी!

आपल्याकडे आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. दानाची ओळख अशी की देणारा बदल्यात काही मागत नाही. घेणारा उद्या आपले गिऱ्हाईक होईल या हिशोबाने जे दिले जाते, तो व्यापार. व्यापारात वाईट काही नाही, आपल्यातली कितीतरी घरे त्यावरच उभी आहेत. पण दुकानाच्या पाटीवर ‘दानछत्र’ लिहू नये, एवढेच माझे म्हणणे.

आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. वर्गणी परवडत नाही अशांसाठी कुणी म्हणाले, ‘या एका कपाटातली पुस्तके फुकट, आणि कपाट मी भरणार,’ तर आपल्याला चालेल का? वर्गणी कमी करा, माफ करा, पण पुस्तक वाचकालाच निवडू द्या.

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नेमके हेच ठरवले. कोणते संकेतस्थळ उघडले यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही, असा नियम आला आणि फ्री बेसिक्स भारतातून गेले. मला तो निर्णय तेव्हाही पटला आणि आजही पटतो. पण त्याच नियमाने फुकट विकिपीडियाचीही वाट बंद झाली, हेही सांगितले पाहिजे. चुकीचे दार बंद केले हे बरोबर, पण बरोबर दार उघडायचे राहून गेले.

काही जणी म्हणतील, आता डेटा इतका स्वस्त झालाय, हा प्रश्न उरलाच कुठे? 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि दर खरेच कोसळले. पण मी कॉमर्सची, मला वर्षाचा हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. जुलै 2024 मध्ये दर वाढले, तेव्हा 28 दिवसांचे, रोज दीड जीबीचे 239 रुपयांचे पॅक 299 ला गेले. महिना 28 दिवसांचा धरला की वर्षात 12 नाही, 13 रिचार्ज होतात. म्हणजे 3,887 रुपये, तेही एका फोनचे. धुण्याभांड्यांची कामे करून घर चालवणाऱ्या बाईला पहिल्यांदा कशावर काट मारावी लागते? रिचार्जवरच. आमच्याकडे येणाऱ्या ताईंच्या घरात एक स्मार्टफोन आहे, तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. दहावीतल्या मुलीच्या वाट्याला तो रात्री नऊनंतर येतो, आणि पॅक संपलेले असले तर तेही नाही.

बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट आहेत. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, तोही फुकट वाचता येतो. विहीर सार्वजनिक आहे, पण तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोलनाका आहे.

यावर उपाय सुचवला गेला होता. 19 डिसेंबर 2016 रोजी ट्रायनेच सरकारला शिफारस केली की ग्रामीण ग्राहकांना दरमहा 100 एमबी डेटा फुकट द्यावा. कोणतेही संकेतस्थळ उघडा, अट नाही. खर्च दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून जमा होणाऱ्या निधीतून करायचा. त्या निधीचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ आहे. ती शिफारस कागदावरच राहिली. 100 एमबीत सिनेमा बघता येत नाही, पण नुसत्या मजकुराची शंभरेक पाने सहज वाचता येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पॅक संपलेल्या मुलीला ते पुष्कळ आहे. ही शिफारस आता पुन्हा बाहेर काढावी, आणि ती शहरातल्या गरीब वस्त्यांनाही लागू करावी.

तोवर आपणही हात बांधून बसायला नको. डिसेंबर 2020 पासून ‘पीएम-वाणी’ योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारही परवाना न काढता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. आपल्या संस्थांचे हॉल आणि पाठशाळेच्या खोल्या आठवड्यातले कितीतरी तास रिकाम्या असतात. तिथे वायफाय, चार टेबले आणि पिण्याचे पाणी ठेवून संध्याकाळी दोन तास आसपासच्या सगळ्या मुलांना दार उघडे ठेवले तर? जात, धर्म काही न विचारता, आणि कोणते पान उघडलेस हेही न विचारता. वर्षाला किती खर्च येईल, ते आपापल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडा. एका दिवसाच्या स्वामीवात्सल्याच्या खर्चाशी तो ताडून बघा, आणि मग ठरवा.