नालबंदाच्या हाताची परीक्षा

पशुप्रदर्शनात खिलार बैलजोडीस पहिले बक्षीस मिळते व मालकास फेटा बांधला जातो. परंतु त्या बैलांच्या पत्र्या ज्याने ठोकल्या, त्या नालबंदाचे नावही कोणी विचारीत नाही. ज्या कामावर जनावराची चाल व मालकाची रोजी अवलंबून असते, त्या कामास परीक्षा नाही आणि मानही नाही. ही उणीव दूर होणे अगत्याचे आहे.

या बाबतीत ब्रिटनचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. लंडन शहरात नालबंदांचा संघ १३५६ साली स्थापन झाला. पुढे १९७५ साली तेथे नालबंदांच्या नोंदणीचा कायदा झाला. अकुशल हातांमुळे घोड्यांना होणाऱ्या यातना टाळणे, हा त्या कायद्याचा हेतू होय. थोडे अपवाद वगळता, नोंदणी नसलेल्या माणसास तेथे घोड्याला नाल मारता येत नाही. होतकरू मुलगा अनुभवी कारागिराच्या हाताखाली सुमारे चार वर्षे उमेदवारी करतो, परीक्षा देतो व मगच स्वतंत्र धंदा करू लागतो. त्यापुढेही वरच्या श्रेणीच्या परीक्षा असतात.

ज्यांना आपली विद्या अधिक पारखून घ्यावयाची असते, ते स्पर्धांत उतरतात. कॅनडातील कॅलगरी येथील जत्रेत भरणाऱ्या स्पर्धेस देशोदेशींचे नालबंद जातात. ठरलेल्या वेळात लोखंडाच्या सरळ कांबीपासून नाल घडवावा लागतो. काही स्पर्धांत तर खूर काही सेकंद केवळ डोळ्यांनी पाहून, मोजमाप न घेता, त्याच्या मापाचा नाल करावा लागतो. केवळ घाई करणारा येथे टिकत नाही. खूर कसा तासला, नाल कसा बसला, खिळे कसे गेले, हे परीक्षक बारकाईने पाहतात. अशा स्पर्धांत नाव मिळविलेले कारागीर पुढे परीक्षक व शिक्षक होतात आणि एकाची विद्या अनेकांच्या हाती जाते.

आपल्याकडील काम याहून सोपे नाही. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका पायास दोन, म्हणजे चारी पायांस आठ पत्र्या लागतात. नखीची भिंत पातळ असते. खिळा थोडा आत गेला तरी जिवंत भागास इजा होऊन बैल लंगडतो. ऐन गळीत हंगामात, डांबरी सडकेवर उसाची गाडी ओढणारा बैल असा बसला, तर गाडीवानाच्या घरची चूलही थंडावते.

बैलांची संख्या घटत असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप निघेल. परंतु संख्या घटली म्हणूनच जाणते नालबंदही विरळ होत आहेत. उरलेल्या जनावरांचे पाय मात्र त्यांच्याच हाती आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश झाला, हे योग्यच झाले. तथापि लोखंड घडविणे व जिवंत खुरावर ते बसविणे या दोन वेगळ्या विद्या होत.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील नालबंदांची यादी करावी. माळेगाव, सारंगखेडा यांसारख्या यात्रांत, पशुवैद्यकांना परीक्षक नेमून, पत्री व नाल मारण्याच्या स्पर्धा भरवाव्यात. गुण देताना वेगापेक्षा जनावराच्या सुखास अधिक महत्त्व असावे. शेतकरी बंधूंनीही दोन पैसे वाचविण्यासाठी अडाणी हाताकडे बैल नेऊ नये. ज्या हाताची पारख होते, तोच हात आपली विद्या मुलाला अभिमानाने शिकवितो.