कक्षेचे गणित आणि एक झडप

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ चंद्रावर उतरला तेव्हा देशभर फटाके वाजले, पेढे वाटले गेले. त्यात गैर काहीच नव्हते. परंतु त्याच मोहिमेतील दुसरी एक कामगिरी त्या वर्षीच्या डिसेंबरात जाहीर झाली, आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. ‘विक्रम’ला चंद्राच्या कक्षेपर्यंत नेऊन सोडणे एवढेच ज्या प्रणोदन यानाचे काम होते, ते यान आपल्या शास्त्रज्ञांनी पुन्हा पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आणून ठेवले. प्रक्षेपण इतके नेमके झाले होते की यानाच्या टाक्यांमध्ये शंभर किलोंहून अधिक इंधन उरले. ते वाया घालवण्याऐवजी ९ ऑक्टोबरला यानाची चंद्राभोवतीची कक्षा उंचावण्यात आली, १३ ऑक्टोबरला त्याला पृथ्वीकडे वळवणारा धक्का देण्यात आला, आणि चंद्राजवळून चार वेळा जाऊन १० नोव्हेंबरला ते चंद्राच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. उद्या चंद्रावरची माती पृथ्वीवर आणावयाची तर परतीची वाट आधी चालून पाहणे आवश्यक होते. ती अशी, उरल्यासुरल्या शिधोरीवर, चालून पाहण्यात आली.

‘विक्रम’च्या अवतरणाहून ही कामगिरी मोठी आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु भारताच्या अवकाशविद्येचा खरा स्वभाव कळावयाचा असेल तर तो येथे अधिक स्पष्ट दिसतो. अग्निबाणाचा लोळ आणि गडगडाट सर्वांना दिसतो. कक्षेचे गणित कोणाला दिसत नाही. अवकाशात रस्ता नसतो, थांबा नसतो आणि ब्रेकही नसतो. यानाचे इंजिन प्रवासात काही मिनिटेच चालते. बाकी सारा काळ यान केवळ ‘पडत’ असते, कधी पृथ्वीकडे, कधी चंद्राकडे, कधी सूर्याकडे. ते कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने आणि किती लोटले म्हणजे हवे तिथे जाऊन पडेल, हे ठरवणे म्हणजे कक्षायांत्रिकी. १९२५ मध्ये, म्हणजे पहिला उपग्रह उडण्याच्या बत्तीस वर्षे आधी, एसेन शहराच्या सेवेतील वॉल्टर होमान या जर्मन स्थापत्य अभियंत्याने एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे कमीत कमी इंधनात कसे जावे याचे गणित पुस्तकरूपाने मांडले. कागद, पेन्सिल आणि केप्लरचे नियम यांपलीकडे त्याला फारशा साधनांची गरज पडली नाही. गरीब देशाला परवडणारी विद्या म्हणतात ती अशी.

मंगळयानाच्या वेळी आपल्याला ती उपयोगी पडली. २०१० मध्ये जीएसएलव्ही या मोठ्या प्रक्षेपकाची दोन्ही उड्डाणे फसली होती. हाताशी भरवशाचा होता तो पीएसएलव्ही, आणि त्याच्या अंगात यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याचे बळ नव्हते. तेव्हा ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडण्यात आले आणि पुढचे काम त्याच्याच छोट्या इंजिनावर सोपवण्यात आले. यान पृथ्वीच्या अगदी जवळून, म्हणजे सर्वाधिक वेगाने, जात असताना जाळलेले इंधन दूरच्या टोकाला जाळलेल्या तेवढ्याच इंधनापेक्षा अधिक ऊर्जा देते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला की थोड्या जोराने झोका चढत जातो, तसेच काहीसे. प्रत्येक फेरीत जवळच्या बिंदूपाशी इंजिन पेटवत कक्षेचे दूरचे टोक सुमारे साडेतेवीस हजार किलोमीटरांवरून एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटरांपर्यंत नेण्यात आले, आणि १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानाने पृथ्वीचा निरोप घेतला. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. साडेचारशे कोटी रुपयांत हे झाले याचे कौतुक जगाने केले. मात्र स्वस्ताईचे गुणगान करताना आपण एक गोष्ट विसरतो. हा मार्ग आवडीने निवडलेला नव्हता. मोठा प्रक्षेपक नव्हता म्हणून गणिताने त्याची उणीव भरून काढली.

याच प्रवासातील एक दिवस विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी चौथ्यांदा कक्षा उंचावताना इंजिन मध्येच मंदावले. सेकंदाला १३० मीटरची वेगवृद्धी हवी होती. मिळाली ३५ मीटरची. इंधनाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेचे मुख्य आणि पर्यायी असे दोन्ही विद्युतवेढे एकाच वेळी चालवून पाहताना प्रवाह बंद पडला, असे संस्थेने लगोलग सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढली. कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा लाभ हा असा, की एक पाऊल चुकले तरी सावरायला दुसरी फेरी मिळते.

ती नेहमीच मिळते असे मात्र नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण झाले. जीएसएलव्हीने ‘एनव्हीएस-०२’ हा दिशादर्शक उपग्रह ठरल्याप्रमाणे कक्षेत सोडला, समारंभ झाला, अभिनंदने झाली. नंतर कळले, की इंजिनाला ऑक्सिडीकारक पुरवणारी झडप उघडलीच नाही. इंजिन पेटले नाही म्हणून कक्षा उंचावली नाही, आणि उपग्रह ज्या लंबवर्तुळात सोडला होता त्यातच अडकला. तेथून दिशादर्शनाचे काम होत नाही. प्रक्षेपकाने आपले काम चोख केले, गणित चोख होते, आणि सव्वादोन टनांचा उपग्रह हाताच्या तळव्याएवढ्या भागापायी फुकट गेला. ज्या ‘नाविक’ मालिकेसाठी तो होता तिची अवस्था आधीच नाजूक होती. पूर्वीच्या उपग्रहांतील आण्विक घड्याळे बंद पडली होती, आणि २०२५ च्या मध्यास स्थाननिश्चितीचे काम करणारे चारच उपग्रह असल्याचे सांगण्यात आले. अवकाशातून स्थान ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. एवढ्या काठावर उभ्या असलेल्या व्यवस्थेच्या भरवशावर कोळ्यांनी समुद्रात आणि सैन्याने सीमेवर जावे अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे.

प्रश्न केवळ झडपेचा नाही. चूक होणे हा या विद्येचा धर्मच आहे. ती कशी सांगितली जाते यावर पुढचे अवलंबून असते. २०१३ मध्ये चुकीचे कारण लगेच सांगितले गेले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी मात्र चंद्रयान-२ चा ‘विक्रम’ चंद्रावर आदळला, आणि लोकसभेला त्या नोव्हेंबरात उत्तर मिळाले ते ‘वेग अपेक्षेहून अधिक कमी झाला’ अशा धर्तीचे. इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर लावला, त्यातून साचलेली चूक दुरुस्त करण्यासाठी यानाला झपाट्याने वळावे लागले, वळण्याच्या वेगावर संगणकाच्या आज्ञावलीनेच मर्यादा घातली होती, आणि उतरण्यासाठी निवडलेली जागा जेमतेम पाचशे मीटर लांबरुंद होती, हे सारे सविस्तर ऐकायला मिळाले ते २०२३ मध्ये, संस्थेचे तत्कालीन प्रमुख एस. सोमनाथ यांच्या तोंडून. म्हणजे यशाच्या उंबरठ्यावर. याच चुका सुधारून चंद्रयान-३ उतरले. तेव्हा शास्त्रज्ञांनी धडा घेतला नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पैशावर हे प्रयोग चालतात त्या नागरिकांना, आणि हे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना, तो धडा चार वर्षांनी कळावा याचे समर्थन होऊ शकत नाही. अपयशाचा अहवाल दडवणे हे सरकारी खात्यांचे जुने व्यसन आहे. ते या संस्थेला जडू नये.

संयमाचे उदाहरण हवे असेल तर तेही याच संस्थेने घालून दिले आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या ‘स्पेडेक्स’च्या दोन उपग्रहांना अवकाशात एकमेकांना जोडावयाचे होते. हे काम दिसते तितके सरळ नाही. पुढे चाललेल्या उपग्रहाला गाठण्यासाठी मागच्याने वेग वाढवला, तर तो वरच्या कक्षेत चढतो आणि उलट मागेच पडतो. गाठावयाचे तर आधी वेग कमी करून खालच्या, जलद कक्षेत उतरावे लागते. जानेवारीतील दोन तारखा पुढे ढकलल्या गेल्या, टीका झाली, चेष्टाही झाली. संस्था घाई न करता थांबली आणि १६ जानेवारी २०२५ रोजी उपग्रह जोडले गेले. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. चांद्रमाती आणण्याच्या चंद्रयान-४ ला आणि नियोजित अवकाशस्थानकाला या जोडणीवाचून गत्यंतर नाही.

राहिला प्रश्न गर्दीचा. १० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा निकामी कॉसमॉस हे उपग्रह एकमेकांवर आदळले तेव्हापासून कक्षेत ‘जागा भरपूर आहे’ ही समजूत मोडली. २७ मार्च २०१९ रोजी आपणही क्षेपणास्त्राने स्वतःचा एक उपग्रह फोडला. त्याचे तुकडे पंचेचाळीस दिवसांत नाहीसे होतील असे सांगितले गेले, प्रत्यक्षात काही तुकडे वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. याच्या उलट, ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स हा जुना उपग्रह, त्यात उरलेल्या सुमारे १२० किलो इंधनाच्या बळावर, मोजूनमापून खाली आणून प्रशांत महासागरावर जाळून टाकण्यात आला. तो या कामासाठी बांधलेला नव्हता, तरी हे साधले. यापुढे खासगी कंपन्यांचे उपग्रह मोठ्या संख्येने जाणार आहेत. त्यांच्यासाठी २०२३ मध्ये सरकारने धोरण जाहीर केले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. उपग्रहाचे आयुष्य इंधनावर मोजले जाते, आणि शेवटच्या काही किलोंवर वर्षभर अधिक कमाई करावी की तो सुरक्षितपणे खाली आणावा, हा निर्णय कंपनीच्या हिशेबनिसावर सोडता येणार नाही. उड्डाणाची परवानगी देतानाच अखेरच्या प्रवासाचे इंधन राखून ठेवण्याची अट घालावी, आणि उपग्रह निकामी झाला तर त्याच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवावा. ही दुसरी अट सरकारी उपग्रहांनाही तितकीच लागू असली पाहिजे.